अर्धा इंच: बेळगाव-गोकाकातले मेकॅनोचे चार दिवस

१८ सप्टेंबर, बेळगाव

कोल्हापूरहून निघालं की निपाणी, संकेश्वर, हत्तरगी करत दोन-अडीच तासांत बेळगाव येतं. रस्ता चांगला आहे, तरीही मेकॅनोचं, म्हणजे भोकांच्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडून क्रेन, पूल वगैरे करायच्या खेळण्याचं, जोडलेलं मॉडेल गाडीतून आणू नये. डिकीतल्या थरथरीने नट सैल होतात. पूर्ण निखळलेला नट निदान दिसतो तरी. अर्धवट सैल झालेला जास्त नुकसान करतो, कारण पट्टी बोल्टाभोवती घासत राहते, भोकाच्या कडेचा रंग जातो आणि गोल भोक लांबट होतं. या खेपेला आलेल्या दोन क्रेन याच दुखण्याने आजारी होत्या. सगळे भाग सुटे करून, लांबीप्रमाणे गड्ड्या बांधून आणावेत. गड्डीला रबरबँड लावू नये. रबर जुनं झालं की चिकटतं आणि निकेलवर काळा पट्टा सोडून जातं. सुती नाडी पुरते.

तारीख ठरवून घेतलेली होती. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी २१ सप्टेंबर १९३६ रोजी वारला. त्याचं निमित्त धरून बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर, सांगली, हुबळी इथली मेकॅनो जमवणारी वीस-बावीस माणसं टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये चार दिवस बसली. हार-तुरे, व्यासपीठ, पाहुण्यांचा परिचय यातलं काहीही नव्हतं. टेबलं, दिवे, काटा, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर आणि चहा एवढाच सरंजाम.

पहिला दिवस ओळखपरेडचा. माणसांची नव्हे, पट्ट्यांची. पेटीवर काय छापलंय यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण जुन्या पेट्यांत तीन पिढ्यांनी भर घातलेली असते. रंगावरून काळ काढायचा. कडा दुमडलेल्या पत्र्याची पट्टी सगळ्यात जुनी, ‘मेकॅनो’ हे नावही पडलं नव्हतं त्या वेळची. त्यानंतर निकेलची. १९२६ मध्ये पेटंटला २५ वर्षं झाली म्हणून रंग आला: आधी फिकट लाल आणि फिकट हिरवा, वर्षभरात गडद हिरव्या पट्ट्या आणि गडद लाल प्लेटा. १९३४ मध्ये सोनेरी पट्ट्या आणि निळ्या प्लेटा, त्या निळ्यावर एकाच बाजूला सोनेरी जाळी. युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा. १९६४ ला चंदेरी, पिवळा आणि काळा. आपल्याकडच्या घरांतून जे निघतं ते बहुतेक युद्धानंतरचं लाल-हिरवंच असतं. निळं-सोनेरी दिसलं तर आनंदाने उडी मारण्याआधी भोकांत बघावं. नंतर रंगवलेल्या पट्टीच्या भोकांच्या कडेला रंगाचा जाड ओघळ असतो आणि ‘मेकॅनो’ हा ठसा रंगाने बुजलेला असतो. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला, पातळ. त्यातून ठसा कोरीव दिसतो.

दुसरी परीक्षा भोकांची. एकाच लांबीच्या दहा पट्ट्यांची गड्डी करायची, पहिल्या आणि शेवटच्या भोकातून एकेक सळी घालायची. सळ्या सरळ खाली गेल्या तर पट्ट्या ठीक. अडली, तर गड्डीतली एक तरी पट्टी वाकलेली किंवा भोक ओढलेली आहे. एकेक काढत जावं म्हणजे चोर सापडतो. साडेबारा इंची पट्टीला २५ भोकं, साडेपाच इंचीला ११, अडीच इंचीला ५. लांबी इंचात, भोकं दर अर्ध्या इंचाला, पट्टीची रुंदीही अर्धा इंच. मेकॅनोचं सगळं शास्त्र या अर्ध्या इंचात आहे. पुढचे तीन दिवस कुठलाही वाद निघाला की शेवटी तिथेच येऊन थांबत होता.

संध्याकाळी सफाई. सप्टेंबरातल्या बेळगावच्या हवेत लोखंड बघता बघता गंजतं, त्यामुळे हा भाग इथल्या माणसांना शिकवावा लागत नाही. तरी चुका त्याच त्याच होतात, म्हणून सविस्तर लिहितो. निकेलच्या पट्टीवर गंजाचे ठिपके असतील तर ती १२ तास रॉकेलमध्ये बुडवायची, मग नायलॉनचा ब्रश, फारच हट्टी ठिपक्याला अगदी बारीक स्टीलवूल. पॉलिश पेपर नाही. निकेलचा थर पातळ असतो, तो गेला की खालचं पोलाद पुढच्याच पावसाळ्यात लाल होतं. रंगीत भागाला कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. थिनर लावला की जुना रंग बोटाला येतो. दोन्हींना शेवटी पूर्ण सुकवायचं. ऊन नसेल तर जेमतेम कोमट तव्यावर कागद घालून ठेवावं, आणि निकेलवर शिवणयंत्राच्या तेलाचा नुसता हात फिरवावा.

पितळेच्या गिअरला घरोघरी चिंच लावतात. लावावी, पण दोन-तीन मिनिटंच, आणि आधी त्यातला पोलादी ग्रब स्क्रू (गिअर सळीवर पकडून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) काढून. एका सद्‌गृहस्थांची गिअरं चिंचेत अर्धा तास राहिली आणि गुलाबी झाली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने जस्त आधी निघून जातं, पृष्ठभागावर तांबं उरतं. तो गुलाबी रंग मळ नव्हे, त्यामुळे घासून जात नाही. ग्रब स्क्रू निघत नसेल तर बारक्या पेचकसाने खाच कुरतडू नये. खाच पूर्ण भरेल एवढ्या रुंद तोंडाचा पेचकस घ्यावा, रॉकेलचा थेंब टाकून रात्रभर ठेवावं, सकाळी सोल्डरिंग आयर्नने पितळी बॉस (गिअरच्या मधला, सळी जाते तो जाड भाग) गरम करावा. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे आटे तेवढ्यापुरते सुटतात.

१९ सप्टेंबर, उद्यमबाग

बेळगावची निवड यासाठीच होती. इथे फाउंड्री आणि मशीन शॉपची परंपरा आहे. उद्यमबागेत पंप, व्हॉल्व्ह, मोटारींचे भाग यांवर दिवसरात्र लेथ चालतात. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा मेकॅनोचा कारखाना १९१४ मध्ये उभा राहिला आणि ३० नोव्हेंबर १९७९ रोजी बंद झाला. त्यानंतर तिथल्या मापाचा एखादा गिअर हरवला की जुन्या बाजारात शोधायचा किंवा कुणाकडून तरी करून घ्यायचा. करून घेणं हे काही पाप नाही. पण कसं करून घ्यायचं हे माहीत असावं लागतं.

एका छोट्या शॉपमध्ये सकाळी नऊला पोचलो. मालक-कम-टर्नर साठीतले. हातात नमुन्याचा बोल्ट घेतला, नखाने आटे चाचपले आणि म्हणाले, “हे एम-फोर न्हवं. एम-फोर घातलात तर दोन फेरे जाईल, मग अडकेल बघा.”

नेमकं हेच होतं आणि नेमकी हीच चूक सगळे करतात. मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंच व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं ब्रिटिश माप), इंचाला ३२ आटे. म्हणजे जाडी ३.९७ मिलिमीटर. खडेबाजारातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम-फोर ४ मिलिमीटरचा, डोळ्याला दोन्ही सारखेच. पण मेकॅनोत एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर ०.७९४ मिलिमीटर, एम-फोरमध्ये ०.७. दर फेऱ्याला जवळजवळ एक दशांश मिलिमीटरची चूक साठत जाते. पोलादी नटात बोल्ट नुसता अडतो. पितळी बॉसमध्ये मात्र पोलादाचा बोल्ट पितळेचे आटे कापत पुढे जातो, आणि मग त्या बॉसमध्ये मूळचा ग्रब स्क्रू कधीच धरत नाही. दोघांनी आणलेल्या सुटे भागांच्या डब्यांत असे मेलेले बॉस अकरा निघाले. अशा बॉसला समोरच्या बाजूने नवीन भोक पाडून योग्य आटे पाडता येतात: ३.२ मिलिमीटरचं ड्रिल आणि ५/३२ व्हिटवर्थ टॅप. अकराच्या अकरा तासाभरात जिवंत झाले.

सळीचाही असाच घोळ. मेकॅनोची सळी ८ नंबर गेजची, म्हणजे ४.०६ मिलिमीटर. बाजारात मिळते ती ४ मिलिमीटर. ०.०६ चा फरक चाकाला चालतो, गिअरला चालत नाही, कारण ग्रब स्क्रू सळीला एका बाजूला ढकलतो आणि गिअर तेवढा वाकडा फिरतो. नवीन बॉस करताना थेट ४.१ चं ड्रिल मारू नये, ड्रिल भोक मोठंच करतं. ३.९ मारून ४.१ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवावा.

दुपारी खरं काम: ५७ दात्यांचा गिअर. मेकॅनोत १९ दात्यांचं पिनियन (छोटा गिअर) आणि ५७ चा गिअर ही जोडी सगळ्यात जास्त वापरात, तीनास एक. दात्यांचं माप ३८ डायमेट्रल पिच, म्हणजे एक इंच व्यासात ३८ दाते. १९ आणि ५७ मिळून ७६. ७६ ला ३८ ने भागून अर्धं केलं की एक इंच. म्हणजे दोन सळ्या एक इंच अंतरावर, म्हणजे बरोबर दोन भोकं. १९ आणि ९५ घेतले तर दीड इंच, १९ आणि १३३ घेतले तर दोन. सगळं अर्ध्या इंचाच्या पटीत बसतं. ५० आणि २५ ची जोडी मात्र ७५ होते, एका इंचावर लावली तर किंचित सैल चालते. ती खडखडते म्हणून गिअर झिजलाय असं समजून फेकू नये, ती जन्मापासून तशीच आहे.

आपल्या शॉपमध्ये कटर मिळतात ते मॉड्यूलचे, म्हणजे दात्यांच्या मेट्रिक मापाचे. ३८ पिच म्हणजे ०.६६८ मॉड्यूल. हाताशी ०.७ चा कटर होता आणि मोह झाला. हिशेब केला तर ०.७ ने ही जोडी २५.४ ऐवजी २६.६ मिलिमीटर अंतर मागते. सव्वा मिलिमीटर जास्त, म्हणजे भोकांत बसणारच नाही, जाम. शेवटी एकदाती कटर दगडावर घासून घडवला. नमुना म्हणून मूळ १९ चं पिनियन भिंगाखाली ठेवून त्याच्या दोन दात्यांमधल्या खाचेशी जुळेपर्यंत तीन वेळा घासला. गिअरचा बाहेरचा व्यास ३९.४४ मिलिमीटर (५९ भागिले ३८ इंच).

मग डिव्हायडिंग हेड, म्हणजे गिअरचे सारखे भाग पाडणारं साधन. चाळीसास एकचं हेड (हँडलचे चाळीस फेरे झाले की गिअरचा एक), त्यावर दर दात्याला ४० भागिले ५७ फेरा फिरवायचा. हा फेऱ्याचा भाग प्लेटवरच्या भोकांच्या वर्तुळावर मोजतात. इथे दीड तास गेला. शॉपमधल्या नेहमीच्या तीन प्लेटांत १९ भोकांचं वर्तुळ होतं, पण ५७ चं नव्हतं, आणि ४०/५७ हा अपूर्णांक १९ वर उतरत नाही. ३८ दाते, ९५ दाते १९ च्या वर्तुळावर निघतात. ५० आणि २५ दाते २० च्या वर्तुळावर. ५७ अडतो, आणि १३३ सुद्धा. ५७ भोकांचं वर्तुळ असलेली दुसऱ्या बनावटीची प्लेट दोन गल्ल्या पलीकडच्या शॉपमधून आली आणि मग दर दात्याला ४० भोकं पुढे, असं करत पंचेचाळीस मिनिटांत गिअर उतरला. कुणाला करून घ्यायचा असेल तर आधी फोनवर एवढंच विचारा: ५७ ची प्लेट आहे का?

चहाच्या वेळी वाद झाला. असा गिअर मूळ संचात ठेवावा का? एका गटाचं म्हणणं, संच भ्रष्ट होतो. हे मत आम्हाला पटत नाही. १९०१ साली हॉर्नबीने पेटंट घेतलं ते पट्टीच्या चकाकीचं नव्हतं. ठरावीक अंतरावर भोकं असलेले भाग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रीतीने जोडता येतात, या कल्पनेचं होतं. लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एलियट यांच्या पेढीवर तो कारकून होता. रोलंड आणि डग्लस या मुलांसाठी त्याने पत्र्याच्या पट्ट्या स्वतः कापल्या. पैसा एलियटनेच पुरवला. सुरुवातीला नाव होतं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. ‘मेकॅनो’ १९०७ मध्ये नोंदवलं. नाव बदललं, रंग बदलले, मालक बदलले, अर्धा इंच बदलला नाही. म्हणून आज उद्यमबागेत कापलेला गिअर १९२० च्या निकेलच्या पट्टीत बसतो. मात्र त्या गटाची एक भीती खरी होती: उद्या हाच गिअर कुणी बिन्स रोडचा म्हणून विकेल. त्यावर तोडगा तिथेच निघाला नाही.

२० सप्टेंबर, गोकाक

सकाळी गाडीने गोकाक. साठ-पासष्ट किलोमीटर, दीड तास. पाऊस नुकताच ओसरलेला, घटप्रभेला गढूळ तांबूस पाणी भरपूर. धबधबा ५२ मीटरचा, आणि घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून पडतो. या पाण्याच्या जोरावर इथली सूतगिरणी चालली. आम्ही आलो होतो धबधब्याच्या वरच्या अंगाच्या झुलत्या पुलासाठी: लांबी २०१ मीटर, खालच्या खडकापासून उंची १४ मीटर.

पुलावर सोडतात की नाही हे त्या दिवशीच्या बंदोबस्तावर असतं, आणि मॉडेलसाठी पुलावर जायची गरजही नाही. काठावरून, पुलाच्या बरोबर काटकोनात उभं राहून फोटो घ्यावा, झूम करून, जवळून नाही. जवळून घेतला तर कडा वाकतात आणि झोळ खोटा दिसतो. फोटोची छापील प्रत काढून दोन टोकांना पट्टी लावायची, मधलं अंतर मोजायचं. शेवाळलेल्या खडकावर पुढे जाऊन कोन साधायची हौस करू नये, पाणी जोरात असतं.

गोकाकला आलंच आहे तर इथली खेळणीही बघावीत. हलक्या लाकडाची आणि मातीची, रंगवलेली फळं, भाज्या, बाहुल्या. जिनगर कारागिरांचा पिढीजात धंदा. तिथे दोन आंबे एकसारखे मिळत नाहीत, आणि मिळू नयेत अशीच अपेक्षा असते. मेकॅनोवाल्याला हे बघून जरा चुकल्यासारखं होतं. त्यांच्या हातातला आंबा दुसऱ्या आंब्याशी जुळवून बघायची सवय जात नाही. करदंट ही इथली मिठाई घ्यायला विसरू नये. डिंक आणि गुळामुळे टिकतं, पण गिअरच्या डब्याजवळ ठेवू नये, कारण मुंग्यांना ३८ पिचची पर्वा नसते.

परतताना गाडीत हिशेब झाला. शंभरास एक प्रमाण धरलं तर २०१ मीटरचे २ मीटर १ सेंटिमीटर. साडेचोवीस इंची अँगलला (काटकोनात दुमडलेल्या पट्टीला) ४९ भोकं. तीन अँगल तीन-तीन भोकांच्या जोडाने आणि पुढे एक साडेबारा इंची अँगल सात भोकांच्या जोडाने लावला, तर टोकाच्या भोकापासून टोकाच्या भोकापर्यंत बरोबर ७९ इंच, म्हणजे २००.७ सेंटिमीटर. आणि १४ मीटर उंचीचे १४ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच इंची पट्टी उभी. गाडीत टाळ्या पडल्या त्या याला. रुंदीचं प्रमाण सोडून दिलं. खऱ्या मापाने मॉडेल बोटभर रुंद झालं असतं आणि कलंडलं असतं. तीन भोकांच्या दीड इंची आडव्या पट्ट्या ठरवल्या. सोय म्हणून संपूर्ण लांबी एकच गाळा धरली.

२१ सप्टेंबर, बेळगाव

सकाळी आठला सुरुवात. लागलेलं साहित्य: साडेचोवीस इंची अँगल ६, साडेबारा इंची अँगल २, दीड इंची पट्ट्या २७, दोन मनोरे, दोऱ्या दोन, लटकणाऱ्या तारा ५४. नट-बोल्ट हातात मावतील तेवढे नव्हे, मोजून. टेबलाखाली गेलेला चौकोनी नट तिरका पडतो आणि दूर जात नाही, ही त्याची एक सोय. नवा षटकोनी नट घरंगळत भिंतीपर्यंत जातो.

आधी तारा. मुख्य दोरी पॅराबोला होते, त्यामुळे प्रत्येक तारेची लांबी वेगळी. झोळ लांबीच्या एक दशांश, म्हणजे ७.९ इंच धरला, तारा दर तीन इंचांवर. मग नियम सोपा होतो: मधली तार शून्य, तिच्यापासून कितवी आहे त्या आकड्याचा वर्ग करायचा, १.१६ मिलिमीटरने गुणायचं, वर सगळ्यांना सारखे २० मिलिमीटर. पाचवी तार ४९, दहावी १३६, तेरावी २१६ मिलिमीटर. फळीवर खिळे ठोकून साचा केला आणि प्रत्येक माप चार-चार वेळा काढलं. नुसत्या अंदाजाने कापलेल्या तारा लावल्या तर एक ताठ, शेजारची ढिली असं होतं आणि पूल दाढ पडलेल्या तोंडासारखा दिसतो.

दोरीच्या बाबतीत आदल्या रात्री एक गोष्ट करायला हवी होती, ती राहिली. नवी दोरी वजन टांगून रात्रभर ताणून ठेवावी लागते. दोन मीटर सहा सेंटिमीटर दोरी फक्त एक टक्का ताणली तरी मध्य जवळपास चार सेंटिमीटर खाली येतो, आणि खाली जागाच मुळी १४ सेंटिमीटर. अकरा वाजता पूल उभा होता, साडेबाराला पोट काढून बसला. दोरी उतरवून विणलेली नायलॉनची मासेमारीची दोरी लावली, तीही अर्धा तास वजनाने ताणून.

दुसरं दुखणं मनोऱ्यांचं. संपूर्ण मार्ग काट्यावर सव्वा किलो भरला. झोळ एक दशांश असताना आडवा ओढ वजनाच्या सव्वापट असतो, म्हणजे दीड किलोहून थोडा जास्त, दोन दोऱ्यांत वाटून. मनोरे आत झुकायला लागले, कारण मागचे ताण फार उभे बांधले होते. मनोऱ्याच्या डोक्यावर दोरी जितक्या उतारावर आत जाते तितक्याच उतारावर ती मागे जायला हवी, म्हणजे २२ अंश. मनोरा १४ इंच उंच, म्हणजे दोरी जिथे खाली बांधतात तो नांगर ३५ इंच मागे. एकूण लांबी १४९ इंच, जवळजवळ साडेबारा फूट. दोन आठ-फुटी टेबलं जोडली तेव्हा जागा झाली.

आणि तीच टेबलं नडली. कुणाचा तरी पाय लागून एक टेबल सेंटिमीटरभर बाहेर सरकलं आणि पूल मधोमध पावणेदोन सेंटिमीटर वर उचलला गेला. झोळ कमी असला की टोकांचा थोडा बदल मधे दुप्पट दिसतो. आधी कुणाला कारण कळेना, सगळे बोल्ट तपासून झाले. शेवटी टेबलांचे पाय सीक्लँपने एकमेकांना बांधले. प्रदर्शनात असा पूल ठेवणार असाल तर नांगर टेबलाला मारू नका, खाली एकच लांब फळी घ्या.

पुलाशेजारी पाळणा दोरीने ५२ सेंटिमीटर खाली-वर करणारी ओढणी केली. तिला उद्यमबागेतला ५७ चा गिअर. दोरी थेट सळीवर गुंडाळली तर एका फेऱ्याला पावणेतेरा मिलिमीटर, म्हणजे तळापासून वर यायला सळीचे ४१ फेरे, तीनास एकने हँडलचे १२२. मुलांनी मोजले, ११३ आले. दोरी एकावर एक चढली की सळी जाड होते, म्हणून कमी. नवा गिअर जुन्या पिनियनवर पहिले वीस फेरे खरखरला, मग मऊ झाला. दात्यांना ग्रीस लावू नये, धूळ धरून तो पॉलिशची पेस्ट होतो. तेलाचा एक थेंब बास.

चार वाजता सन्मान. हॉर्नबीचा फोटो भिंतीवर होता, पण शाल दिली ती ५७ ची प्लेट आणणाऱ्यांना आणि गिअर कापणाऱ्या काकांना. ते शाल घडी करून बाजूला ठेवून ओढणीपाशी जाऊन बसले, हँडल उलटं फिरवलं आणि बॉसचा ग्रब स्क्रू पाव फेरा घट्ट केला.

पूल सोडायला दोन तास लागले. सोडताना मधल्या तारेपासून टोकांकडे जायचं, उलट केलं तर मार्ग एका बाजूला लोंबतो आणि अँगल पिळतो. दीड इंची एक पट्टी पिळलीच. दोन दिवसांपासून लोंबकळलेला, नवा गिअर मूळ संचात ठेवण्याचा वादही इथेच मिटला. काकांनी सेंटर पंच घेतला, बॉसच्या आतल्या बाजूला, जिथे सळी जाते त्या तोंडावर, एक ठिपका मारला. मेकॅनोच्या मूळ बॉसवर तिथे काही नसतं. आता बेळगावात कापलेल्या प्रत्येक भागावर तिथे ठिपका मारायचा असं ठरलं: गिअरला एक, नव्याने आटे पाडलेल्या बॉसला दोन. अकरा बॉस पुन्हा डब्यातून बाहेर काढावे लागले.